उसवलेली पानं

ताईने शब्द टाकून धाकटीसाठी शाळेत नोकरी मिळवली होती. होकार संध्याकाळपर्यंत कळवायचा होता, म्हणून शिवणाचं दुकान लवकर बंद करून ती धाकटीकडे आली. कादंबरीपायी आधीची नोकरी सोडलेल्या धाकटीच्या खोलीत पलंगावर, खिडकीत, खुर्चीवर कागदच कागद होते.

"हो म्हण बाई," ताई म्हणाली. "सुट्टीत लिही की. कादंबरी काय रडत बसणार आहे तुझ्यावाचून?"

"आधी हे ऐक," म्हणत धाकटी कादंबरीतलं एक प्रकरण वाचू लागली आणि वडील जणू खोलीत आले. तेच घसा खाकरणं, तीच वाक्य अर्धं सोडायची खोड. शेवटी मुलीच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "चुकलं माझं." वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ताईचे डोळे भरून आले.

हिवाळाभर खपून लिहिलेली ती पानं धाकटीने मात्र गठ्ठ्यातून काढली आणि फाडली.

"अगं, काय करतेस?"

"बाबा असं कधीच म्हणाले नसते, ताई. मला ऐकायचं होतं, म्हणून त्यांच्या तोंडी घातलं."

बिघडलेली बाही ताईनेही कितीदा उसवली होती, पण तिच्या हातात कापड तरी उरायचं. इथे धाकटी कोऱ्या कागदावर पुन्हा पहिली ओळ लिहीत होती.

"शाळेला काय सांगू?" ताईने विचारलं. धाकटीला ते ऐकूच गेलं नाही.

ताई पाय न वाजवता बाहेर आली. तिने फोन लावला.

"ती नाही येणार," ती हळूच म्हणाली. "कामात आहे."