खांद्याचं माप

खांदा कॉलनीत कपडे आल्टर करून देणाऱ्या एक मावशी आहेत. ट्राउझर आणली की त्या आधी स्टुलावर बसायला लावतात. "हापिसात दिवसभर उभी नाय ना ऱ्हात," म्हणतात, आणि बसल्यावर घोटा किती उघडा पडतो ते बघूनच टाचणी लावतात. ऑफिसच्या कुर्त्यावर टिकल्या दिसल्या तर न विचारता उसवतात. स्वतः कायम गाऊनवर ओढणी.

एकदा मी ब्लेझर न्यायला लवकर पोचले. तो त्यांच्या अंगात होता, गाऊनवरच. आरशासमोर ताठ उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी तो सावकाश उतरवला.

"खांदा बराबर हाय का बघत होते."

आमच्या मापात दोन साइझचा फरक आहे. मी बरं म्हटलं.

हल्ली मी दुकानाच्या अलीकडूनच हाक मारते.