वकीलसाहेबांचा खोडलेला मजकूर

अभिलेखागारात दुपारी पंखा इतका संथ फिरतो की वाचता वाचता आपणही शंभर वर्षं मागे तरंगत जातो. त्या दिवशी माझ्यासमोर शहरातल्या एका जुन्या वकिलाचा पत्रव्यवहार होता. सामाईक भिंती, विहिरी, मृत्युपत्रं. भांडणारे केव्हाच गेले होते. शाई तेवढी चहाच्या रंगाची होऊन उरली होती.

मधेच नवऱ्याने माहेरी धाडलेल्या एका बाईचं पत्र निघालं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'मुलगी तिकडेच ठेवून घेतली आहे. एकवार दृष्टीस पडेल असे करावे.'

त्यामागे वकिलांच्या उत्तराचा कच्चा खर्डा. 'कायद्याने ताबा बापाकडेच राहतो, सबब इलाज नाही.' हे वाक्य त्यांनी खोडलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'रविवारी मी स्वतः आपल्या यजमानांकडे जाऊन येतो.'

मी तो खर्डा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. कायदा संपला त्या ओळीखाली एक माणूस सुरू झाला होता.

"काय सापडलं एवढं?" तिथल्या कारकून सावंतबाईंनी विचारलं. मी त्यांना बाईचं पुढचं पत्र वाचून दाखवलं. 'मुलगी भेटली. तिने मला ओळखले नाही. परंतु घटकाभर मांडीवर बसली.'

"आणि मग?"

"यानंतर तिचं एकही पत्र नाही."

सावंतबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या.

"बसली ना पण," त्या म्हणाल्या.