चित्रातली बाई

ती तक्रार आजही जशीच्या तशी आठवते. जळगावात माझ्या ठाण्याच्या हद्दीत चित्रप्रदर्शन भरलं होतं. सकाळीच खबऱ्याचा फोन आला, "साहेब, असोदा गावची पोरं दुपारी एक चित्र फाडायला येणार आहेत."

दोन शिपाई घेऊन मी आधी पोहोचलो. चित्रात उतारवयाची एक बाई विवस्त्र बसली होती. चेहरा सावलीत होता. डाव्या बाजूला स्तन नव्हता, आडवा व्रण होता. पायाशी घड उतरवून कापलेलं केळीचं खोड, बुडाशी फुटलेलं नवं पिल, म्हणजे कोवळा कोंब. एवढी उघडी आणि एवढी निर्धास्त बाई मी कधी पाहिली नव्हती.

पोरं आली. त्यांचा म्होरक्या केळी पिकवणारा तरुण. त्याला समजावून ठाण्यात आणलं, तेव्हा त्याने तक्रार अर्जच दिला. "कुणा गरीब बाईला फसवून हे काढलंय. तिला शोधा आणि चित्र जप्त करा."

चित्रकार धुळ्याच्या, पन्नाशीच्या बाई होत्या. महिला हवालदारासमोर मी त्यांचा जबाब घ्यायला बसलो.

"ही कोण?"

"तिच्या संमतीने काढलंय. तिला विचारल्याशिवाय नाव देणार नाही."

"मग गुन्हा तुमच्यावर दाखल होईल."

"होऊ द्या."

"हे कापलेलं खोड म्हणजे मरण ना?"

"वरून कापलंय, साहेब. खाली कंद जिवंत आहे."

त्यांनी एक फोन करू देण्याची विनंती केली. मी परवानगी दिली. तासाभरात डोक्यावर पदर घेतलेली एक बाई ठाण्यात आली. तो तरुण ताडकन उठला.

"आई, तू इथे कशाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माहेर धुळ्याकडचं, बोली अहिराणीच राहिलेली.

"ती बाई मीच शे, साहेब."

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"आपरेशन व्हयनं, मंग मी सोताले दखंच नई. ताईले सांगं, काहीच झाकू नको. चित्र दखं अन् समजनं, मी आजून बठ्ठी शे."

ऑपरेशननंतर तिने स्वतःकडे पाहिलंच नव्हतं; चित्रकार ताईंना तिनेच काही झाकू नका म्हणून सांगितलं, आणि चित्र पाहून कळलं, मी अजून अख्खी आहे, असं ती म्हणत होती. पोराने तिला दवाखान्यात नेलं-आणलं होतं, पण तो व्रण त्याने कधी पाहिला नव्हता, आणि तिच्या मनावर काय गुदरलं तेही त्याला ठाऊक नव्हतं.

"मला सांगायचं ना," तो पुटपुटला.

"तू इचारं का कधी?"

त्याने अर्ज मागे घेतला. संध्याकाळी दोघं प्रदर्शनात गेले. तो दाराशी चपला काढून आत गेला. चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग आईचा हात धरला.

नोकरीत मी असंख्य पंचनामे लिहिले. व्रण कुठे, किती लांब, कशाने झाला, एवढंच मी शरीराबद्दल लिहीत आलो. त्या दिवशी कळलं, व्रणाला स्वतःचंही काही सांगायचं असतं. ते ऐकायला मात्र माणसाला समोर थांबावं लागतं.