जाळणं वेगळं, भाजणं वेगळं

गंगापूर रोडवर बंगला बांधून त्याच्या परसात शेती करणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच, आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडे राहायला यावा, हे माझं प्राक्तन! काका मूळचे पेठकडचे. ओझरच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, पण जीव डोंगरातच. गावची जमीन भावांकडे गेली. काकांना उरली परसातली सतरंजीएवढी जागा. तिच्यात ते नागली, म्हणजे नाचणी, पिकवत. आणि नागलीचं रोप हवं तर आधी राब हवा: पाला, काटक्या, शेणी जमिनीवर पसरून पेटवायच्या आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी टाकायचं.

त्यासाठी चैत्रापासून काका कॉलनीभर पाला गोळा करत हिंडत. कुणी अंगण झाडू लागलं की ओरडत, "अहो, ते माझं हाय!" एका लग्नात तर त्यांनी वधूपित्यालाच गाठून विचारलं, "ही आंब्याची तोरणं उद्या कितीला उतरवणार?" मग एके सकाळी धूर निघे आणि दोरीवरचे आमचे कपडे आठवडाभर पेठचा वास देत.

पुढे कॉलनीच्या फळ्यावर महापालिकेची सूचना लागली: 'उघड्यावर पालापाचोळा जाळू नये.' काकांनी चष्मा लावून ती वाचली, समाधानाने मान डोलावली. "बरोबर हाय. जाळूच नये." आणि घरी जाऊन राब रचायला घेतला.

शेवटी मी तक्रार केली. माझ्या आईला दमा होता, आणि काकांना तोंडावर सांगायचं मला धाडस नव्हतं. स्वच्छता निरीक्षक आले. मी भिंतीआडून ऐकत होतो. काकांनी त्यांना चहा पाजला आणि समजावलं, "साहेब, जाळणं येगळं, भाजणं येगळं. कचरा जाळत्यात. राब भाजत्यात. तुमच्या कागदात भाजणं कुठं हाय?"

निरीक्षकांनी कागद उलटूनपालटून पाहिला. "काका, धुराला व्याकरण कळत नाही हो. शेजारच्या आजींना दमा आहे, असं लिहिलंय इथे."

काकांनी नळी उचलली आणि दोन महिने जमवलेल्या राबावर स्वतःच पाणी सोडलं.

त्या वर्षी रोपं खुरटली, तणच माजलं. दिवाळीनंतर काका एक भाकरी घेऊन आमच्या दारात आले. सगळ्या पिकाची तेवढीच झाली होती. म्हणाले, "आईला दे. हिला धूर लागलेला नाय."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. पण टोमणा मारणं काकांना येतच नव्हतं.