बर्फाच्या मोर्च्यात माझी झेंडूवाली गाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू केलं की मी मध्ये थांबणार नाही. आणि हो, हे सगळं माझ्याच हातून झालं. दुसऱ्या कोणावर ढकलायला जागाच नाही, मी सगळीकडे शोधून पाहिलं.

आम्ही राहतो अमेरिकेत, नेपरव्हिलला. मी मूळची विट्याची. आमच्याकडे पाय घसरला तर हळद लावतात. इथे घसरायला शिकवायला कोच असतो. माझी सई नऊ वर्षांची, जन्म इथलाच, आणि तिला स्कीचं वेड. म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधायच्या आणि बर्फावरून सुसाट जायचं. ती जाते. मी कडेला उभी राहून देवाचं नाव घेते.

तर त्या हिवाळ्यात बर्फच पडेना. जानेवारी अर्धा सरला तरी अंगणात तपकिरी गवत. खरं सांगू? मी मनातून खूश होते. पोरीचे हातपाय शाबूत! पण सई रोज खिडकीशी तोंड पाडून बसायची.

तिच्या स्की क्लबची कोच लिंडा. साठीची बाई, पण चाल अशी की मला धावत गाठावी लागते. तिने ठरवलं, नुसतं आभाळाकडे बघून भागायचं नाही. क्लबमधल्या लहानथोर सगळ्यांनी खांद्यावर स्की घ्यायच्या आणि बागेपासून नगरपालिकेपर्यंत चालत जायचं. मागणी एकच: शाळेसमोर कोणी गाडीचं इंजिन चालू ठेवून उभं राहायचं नाही, असा नियम करा. धुराने हवा तापते, हवा तापली की बर्फ पडत नाही, असं सईने मला समजावलं. मला वाटायचं, हवा बदलली की फक्त खोकला होतो.

आणि मुलांच्या वतीने भाषण कोण करणार? आमची सई!

"आई, यू आर नॉट कमिंग," ती म्हणाली.

"का गं?"

"बिकॉज यू विल ब्रिंग द कार. इट्स अ नो-कार मार्च!"

"नाही आणणार."

"प्रॉमिस?"

"देवाशपथ."

"अँड नो माकडटोपी."

त्यावर मी काही कबूल केलं नाही.

आता ही गाडी कुठली, ते ऐका. दोनच दिवसांपूर्वी आम्ही आधीची लहान गाडी विकून ही घेतली होती. जुनीच, पण लांबलचक, काळीभोर, मागच्या काचाही काळ्या. मी तिची रीतसर पूजा केली. नारळ फोडला, आणि गणपतीच्या मखराची झेंडूची कापडी माळ होती ना, ती बॉनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली. विट्याहून आई व्हिडिओ कॉलवर बघत होती.

"अमावस्येपर्यंत माळ काढू नको हं. नजर लागेल."

"अगं, काळ्या गाडीला कशी लागेल नजर?"

"सातवी शिकलीस म्हणून जास्त शहाणपणा करू नको."

माळ राहिली.

मोर्च्याच्या दिवशी सई क्लबच्या मुलांबरोबर चालत गेली. मी भांडी आवरून बाहेरच्या खोलीत येते तर काय? सोफ्यावर तिचा मफलर! पोरीला दोन दिवस खोकला, बाहेर बोचरा वारा, आणि गळा उघडा! माझ्या डोळ्यांपुढे न्यूमोनिया, अँब्युलन्स, सगळं क्रमाने येऊन गेलं. देवाशपथ घेतली होती, कबूल आहे. पण देवालाही लेकरं आहेत, तो समजून घेईल. म्हटलं, मफलर देऊन लगेच परत यायचं.

मोर्चा मला मोठ्या रस्त्यावर सापडला. आपल्यासारख्या घोषणा नाहीत, ढोल नाही. दोन-दोनच्या रांगेत, खांद्यावर स्की, सगळे गुपचूप चाललेले. सई पार पुढे. गाडी लावायला कुठे जागाच नाही. मग काय करणार? मी रांगेच्या मागे मागे निघाले, माणसाच्या चालीने. लायसन्स मिळून मला वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे तो वेग मला मानवत होता. आमच्या यांनी शिकवून ठेवलंय, गाडी हळू न्यायची असेल तर चारी दिवे लुकलुकते ठेव. ठेवले. आभाळ आलं होतं म्हणून पुढचे दिवेही लावले.

आणि मग आक्रीतच झालं हो.

समोरून येणाऱ्या गाड्या बाजूला होऊन थांबायला लागल्या. एका आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली. मला भरूनच आलं. बर्फासाठी निघालेल्या लेकरांना केवढा हा मान! मी काच खाली करून, छान हसून त्यांना नमस्कार केला. ते जरा दचकले. पुढे एका बाईने कपाळाला, छातीला बोटं लावून क्रूसाची खूण केली. तिलाही मी हात हलवला. "थँक्यू, थँक्यू!"

आरशात बघते तर माझ्यामागे गाड्यांची ही रांग! कोणी हॉर्न वाजवेना, कोणी पुढे जाईना. सगळ्यांचे दिवे लागलेले. मला वाटलं, या माझ्यासारख्याच आया असणार. एकेकीच्या पोराचा मफलर राहिला असणार.

तेवढ्यात मोटरसायकलवरचा पोलीस बाजूला आला. झालं! लायसन्स जाणार, हे ओरडणार! भीतीने माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने वाकून माळेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "फॅमिली, मॅम?"

"येस, येस. माय डॉटर. इन फ्रंट."

"हाऊ ओल्ड?"

"नाइन."

त्याने क्षणभर डोळे मिटले. "टेक ऑल द टाइम यू नीड," म्हणाला, आणि पुढे जाऊन चौकातली वाहतूकच थांबवली.

मी यांना फोन लावला. स्पीकरवर.

"अहो, पोलिसाने माझ्यासाठी चौक थांबवलाय."

"तुझ्यासाठी? काय केलंस तू?"

"काही नाही. मफलर द्यायला निघालेय."

"तू घरी जा," हे म्हणाले. पण मागे एवढ्या गाड्या, वळू कुठे?

नगरपालिकेशी पोचलो. नगरसेवक मंडळी पायऱ्यांवर मान खाली घालून उभी. सई वरच्या पायरीवर माइकपाशी पोचली, वळली, आणि तिने मला पाहिलं. मला, माळेला आणि मागच्या सगळ्या गाड्यांना. तिचं तोंड उघडंच राहिलं. मी खूण केली, तोंड मिट, वारा लागेल.

पोलीस टोपी हातात घेऊन खिडकीशी आला. "मॅम, हू पास्ड अवे?"

कोण वारलं? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! इथे मयताला काळ्या गाड्या अशाच निघतात म्हणे, हळू, दिवे लावून, फुलं घालून. लोक थांबतात, टोप्या काढतात, कोणी ओलांडून जात नाही. आणि मी वाटेत सगळ्यांना हसून नमस्कार करत आले होते!

"नोबडी, सर," मी म्हटलं. "ऑल फाइन. ओन्ली लिटल कफ."

"युअर डॉटर?"

मी मफलरनेच दाखवलं. "दॅट वन. विदाउट मफलर."

त्याने सईकडे असं पाहिलं, की त्या बिचाऱ्याला खुर्ची द्यावीशी वाटली.

एवढ्यात सई बोलायला लागली. इंग्रजी हळू बोललं तर मला कळतं, आणि ती हळूच बोलत होती. म्हणाली, "आमच्या दारात रोज सकाळी एक गाडी उभ्या उभ्या धूर सोडते. कारण माझ्या आईला वाटतं, थंड गाडीत बसले तर मी मरेन. आई वाईट नाहीये. आमची गाडीही तेच करते, हे तिला कोणी सांगितलंच नाही. मीही नाही सांगितलं, कारण मला गरम सीट आवडते. पण मला बर्फसुद्धा आवडतो."

म्हणून मला येऊ नको म्हणत होती तर!

सगळ्या माना हळूहळू वळल्या. सगळ्या गाड्यांच्या पुढे उभी राहून धूर सोडणारी गाडी माझीच, आणि तिला वर झेंडूची माळ. चोर असा नटूनथटून कधी सापडला नसेल.

मी किल्ली फिरवली. इंजिन बंद. मग माझ्या मागची गाडी बंद झाली, तिच्या मागची, मग तिच्याही मागची. शेवटी इतकं शांत झालं की सईचा खोकला माइकवर सगळ्यांना ऐकू आला. लिंडा चक्क डोळे पुसत होती. नगरसेवक म्हणाले, नियमाचा विचार करतो. आणि खरंच केला हो. आता शाळेपुढे तशी पाटी आहे. मी रोज तिच्याकडे न बघता जाते.

सई खाली आली. "आई, यू प्रॉमिस्ड!"

"गाडीचं म्हटलं होतं. मफलरचं कुठे म्हटलं होतं?"

तिने मान पुढे केली. मी मफलर गुंडाळला, दोन वेढे जास्तच.

इथे संपलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंही नसतं. पण घाईत मी इंजिन तेवढं बंद केलं होतं. चारी दिवे लुकलुकतच होते, पुढचेही चालू. भाषणं आटोपेपर्यंत बॅटरी संपली. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून चालू करायची म्हटलं, तर आता त्या पायऱ्यांपुढे इंजिन सुरू करायला कोण धजावतंय?

"वुई विल पुश," लिंडा म्हणाली.

मग सगळ्यांनी आपापल्या स्की माझ्या गाडीत भरल्या आणि गाडी ढकलायला लागले. मी आत, स्टिअरिंग धरून. माळ जागच्या जागी. पुढे तोच पोलीस चौक थांबवत होता. गॅरेज येईपर्यंत लोक पुन्हा थांबले, पुन्हा टोप्या निघाल्या.

या वेळी मी हसले नाही, नमस्कारही केला नाही. मान खाली घालून बसले होते, अगदी घरातलं माणूस गेल्यासारखी.