कोल्बी रॅन्समचा त्याग आणि झिगीची ताटली

मेथडिस्ट पंथाच्या चर्चमध्ये माशाला पावाचा चुरा लावतात, एवढ्या एका कारणावरून झिगी पालुत्स्कीने साऱ्या मेथडिस्टांना स्वर्गाचं दार बंद करून टाकलं होतं. ईस्टरआधीच्या उपवासात, मांस चालत नाही पण मासा चालतो म्हणून, दर शुक्रवारी सेंट कॅसिमीर या आपल्या कॅथलिक चर्चच्या तळघरात मासे तळायचं काम त्याचं, मिशा काळ्या होत्या तेव्हापासूनचं. उकळत्या तेलापाशी उभा राहून तो जगाकडे बघे, आणि जग त्याला काही केल्या पसंत पडत नसे. हवामान खातं, गोठवलेले बटाटे, सख्खा मेहुणा, सरोवरापलीकडचे कॅनडावाले, सगळेच एका माळेचे मणी.

पण ही झाली किरकोळ गिऱ्हाइकं. तुच्छतेचं खरं सिंहासन त्याने कोल्बी रॅन्समसाठी राखून ठेवलं होतं.

रॅन्सम हा आमच्या पोर्ट क्लेमन्सच्या रिव्हेटर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा मुख्य गडी. टेक्सासहून आलेला, ताडमाड उंच, दात टूथपेस्टच्या जाहिरातीतून उसने आणल्यासारखे. चेंडू तो अगदी अचूक फेकी. फक्त समोरच्या संघाकडे. आणि हरल्यावर कॅमेऱ्यासमोर उभा राहून हसत म्हणे, "आम्ही यातून शिकू." सहा वर्षं शिकतच होता. एवढ्या काळात गाढवही पदवीधर झालं असतं.

आदल्या वर्षी एका शुक्रवारी झिगीने भर हॉलमध्ये झारा उगारून शपथ घेतली होती, "हा पोरगा ज्या दिवशी संघासाठी खिशातलं एक नाणं सोडेल, त्या दिवशी मी माझ्या हाताने ताटली नेऊन त्याच्यापुढे ठेवीन आणि त्याला 'सर' म्हणीन! कारखान्यात जन्म गेला, पण फोरमनलाही कधी सर म्हटलं नाही!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" त्याची बायको बर्निस कोबी चिरता चिरता म्हणाली. नवऱ्याची वाक्यं ती लोणच्यासारखी बरणीत भरून ठेवी. मुरली की वाढायची.

मार्च उजाडला. लीगचा नियम असा, की खेळाडूंच्या पगारावर कोणत्याही संघाने अमुक एका रकमेहून जास्त खर्च करायचा नाही. मार्चच्या मध्याला लीगचं नवं वर्ष सुरू होतं, त्याआधी मर्यादेच्या वर असलेल्या संघाने काहीही करून खाली यायचं. रिव्हेटर्स दरवर्षी वर असत, कारण हिशेब मालकाचा जावई बघे. झिगीचं गणित सरळ होतं. सगळ्यात महाग कोण? रॅन्सम. सगळ्यात टाकाऊ कोण? तोच. मग एका दगडात दोन पक्षी, हाकला त्याला! तो खुशीत येऊन तळताना शीळ घालू लागला तेव्हा बर्निसला वाटलं, याला ताप आलाय.

आणि मंगळवारी बातमी आली. रॅन्समने करार नव्याने बांधून दिला, संघाला मर्यादेखाली एक कोटी वीस लाख डॉलरची जागा मोकळी झाली.

गाव रडलं. करार नव्याने बांधणं म्हणजे काय, हे पोर्ट क्लेमन्सला कोणी शिकवायला नको होतं. बॉयलरच्या कारखान्याने आमचे करार दोनदा बांधून दिले होते. पहिल्या खेपेला तासाचा पगार उतरला, दुसऱ्या खेपेला दातांच्या डॉक्टरचा खर्च गेला, आणि पाठोपाठ कारखानाही गेला. तेव्हा कोटभर डॉलर सोडणारा तो पोरगा एका रात्रीत आमच्यातला झाला. फादर दुडांनी प्रवचनात त्याला हुतात्म्यांच्या जवळपास नेऊन बसवला आणि शुक्रवारच्या माशांचं आमंत्रणही धाडलं. प्रसिद्धीची एकही संधी न सोडणाऱ्या रॅन्समने ते ताबडतोब स्वीकारलं.

शुक्रवारी तो आला. हॉलभर टाळ्या. दात पडून कवळ्या न परवडलेल्यांनीही तोंडभर हसून घेतलं. फादरांनी त्याला मधल्या टेबलावर बसवलं.

"झिगी," बर्निस म्हणाली, "ताटली."

"तेल तापलंय. सोडून कसा जाऊ?"

"तेल मी बघते. तू शब्द बघ."

"उद्या नेतो."

"उद्या शनिवार आहे. जा मुकाट्याने, नाहीतर ते वाक्य मी माइकवर म्हणून दाखवते."

झिगीने ताटली भरली. दोन मासे, कोबी, पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या. फाशीच्या तख्ताकडे जाणारा माणूसही याहून लगबगीने चालतो. टेबलापाशी पोचून त्याने ताटली ठेवली, घसा खाकरला आणि तो शब्द, मासा खाताना अडकलेला काटा काढावा तसा, बाहेर काढला. "सर."

टाळ्यांनी तळघर दणाणलं. आता गंमत अशी, की झिगी मनाने वाईट माणूस नव्हता. एकदा पराभव पत्करल्यावर त्याला खरंच भरून आलं. "आमचेही कापले होते, पोरा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "घरी जाऊन बायकोला सांगताना काय होतं, मला ठाऊक आहे."

रॅन्समने घास थांबवला. "काय कापले, सर?"

"पगार रे. तुझे सव्वा कोट."

"छे छे! माझा एक डॉलरही नाही गेला." त्याने उत्साहाने शेजारचा पिएरोगीचा थाळा ओढला. "हे बघा. एकेक पिएरोगी म्हणजे दहा लाख डॉलर. माझा यंदाचा पगार समजा पंधरा. करार उरलाय पाच वर्षांचा. त्यांनी पंधराच्या पंधरा मला बोनस म्हणून सोमवारीच देऊन टाकल्या. एरवी सप्टेंबरपासून थोड्या थोड्या मिळायच्या. पण मर्यादेच्या हिशेबात त्या पाच वर्षांत वाटून लिहायच्या, दरसाल तीन. म्हणजे यंदा तीनच दिसतात, बारांची जागा मोकळी!"

"आणि तू खाल्ल्यास किती?"

"पंधरा."

"सोडल्यास किती?"

"एकही नाही, सर. माझा वकील फार हुशार आहे."

झिगीच्या अंगातून एक ऊब फिरली. थंडीने बधिर झालेल्या बोटांत रक्त परतावं तशी त्याची तुच्छता परतली, आधीपेक्षा टवटवीत. त्याने हॉलकडे वळून हात पसरले. "ऐकलंत? हुतात्मा म्हणे! काही सोडलं नाही यानं! सगळं आधीच गिळून बसलाय!"

"किती विनयी मुलगा!" मिसेस व्रोना डोळे पुसत म्हणाल्या. "स्वतःचं मोठेपण झाकतोय."

"अहो बाई, तो स्वतः सांगतोय!"

"त्याग करणारे असंच सांगतात," फादर दुडा म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या.

एवढी मेंढरं झिगीने एका छताखाली कधी पाहिली नव्हती. त्यांचा नाद सोडून तो रॅन्समवर ओणवला. "बरं, पुढच्या वर्षी तरी तुला हाकलतील ना?"

"अवघड आहे हो." रॅन्सम मनापासून म्हणाला. "पुढच्या वर्षी काढलं, तर उरलेल्या चार वर्षांच्या बारा एकदम त्याच वर्षाच्या माथी पडतात. मी नसणार आणि माझा हिशेब मात्र असणार. त्यापेक्षा मला ठेवणंच स्वस्त. आणि जावईसाहेब म्हणालेत, पुढच्या मार्चमध्येही असंच करू."

म्हणजे पगार पुढे ढकलला होता आणि त्याच्या पाठीवर बसून हा प्राणीही पुढे चालला होता. प्रत्येक मार्चला एकेक वर्ष पुढे. झिगीने डोळ्यांसमोर उरलेलं आयुष्य पाहिलं, त्यातल्या सामन्याच्या प्रत्येक रविवारी तेच दात चमकत होते. त्याने ताटलीकडे पाहिलं. एव्हाना ती रिकामी झाली होती.

"काय मासा आहे हो, सर!" रॅन्सम ओठ पुसत म्हणाला. "अजून एक ताटली आणाल?"

"रांगेत उभा राहा," झिगी म्हणाला आणि तेलाकडे निघून गेला.

रॅन्सम खरोखरच उठला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पण पुढे सरकेना. रिकामी ताटली दोन्ही हातांत चेंडूसारखी छातीशी धरून, ती कोणाकडे द्यायची याचा विचार करत तो जागच्या जागी थांबला, आणि माणसं दोन्ही बाजूंनी त्याच्या पुढे जात राहिली.