खाटेखालचं पीठ

मी मुरबाडची, तोंडाने फटकळ. शहापूरकडच्या एका दवाखान्यात सिस्टर होते. चांगल्या सेवेचं बक्षीस ठरवायला तपासणीची माणसं येणार होती, तेव्हा तर माझ्या जिभेचा पट्टा दिवसभर चालू असायचा. फरशी अशी घासून घेतली की तोंड बघावं. एकच गोष्ट डोक्यात जायची, कोपऱ्यातल्या खाटेवर कुणी झोपेना. तिथे तानसाकडच्या पाड्यावरची एक म्हातारी गेली होती. त्या खाटेची चादर मी ताठ घालायची आणि जेवून येईपर्यंत ती चुरगळलेली असायची, कुणीतरी नुकतंच उठल्यासारखी.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी म्हातारीची लेक आली. हातात टोपली आणि तांदळाचं पीठ. आमच्याकडे माणूस गेलं की पीठ पसरून वर टोपली झाकतात. सकाळी त्यात पाऊल दिसलं की जीव घरी येऊन पुढच्या वाटेला लागला म्हणायचं.

"घरी पीठ कोरंच राह्यलं, बाई," ती म्हणाली. "आय घरी आलीच नाय. हितंच हाय ती."

"अगं, उद्या तपासणी आहे! बक्षीस जाईल आमचं!" मी खेकसले. ती नुसती रडत राहिली. शेवटी मीच म्हटलं, घाल बाई खाटेखाली, पण सकाळी लवकर उचल.

तपासणीवाले मेले वेळेआधीच टपकले. लेक धावत पोचली, पण तोवर त्यांच्यातल्या मोठ्या मॅडमनी वाकून टोपली उचललीसुद्धा.

पिठात एक लहानसं अनवाणी पाऊल होतं. बोटं आत कोपऱ्याकडे वळलेली.

लेकीने रडत सगळं सांगितलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "इथली सेवा आवडली असेल हो त्यांना, म्हणून जात नसतील."

"नाय वो. तिला घरची वाटच ठाव नाय. आणली तवा बेसूद, नेली तवा झाकलेली. वाट तिनं बघितली कवा?"

ती उठली, खाटेकडे हात पुढे केला. "चल गो आय, मी दावते." आणि चालू लागली. "हा दरवाजा. हितं पायरी हाय, सांभाळ." सगळे बाजूला सरले, मॅडमसुद्धा. मी मागोमाग नाक्यापर्यंत गेले. जीपवाला तिच्या शेजारी कुणाला बसवू लागला तर म्हणाली, "हितं आय हाय." त्याने मुकाट्याने त्या माणसाला मागे धाडलं. जीप निघाली तेव्हा ती बाहेर बोट दाखवत शेजारी काहीतरी सांगत होती.

बक्षीस पुढे आम्हालाच मिळालं, पण त्या सकाळी त्याचं मला सोयरसुतक नव्हतं. वॉर्डात परतले आणि पीठ पुसायला वाकले.

पाऊल तेच होतं, तेवढंच. बोटं मात्र आता दाराकडे होती.

मी तिथेच फरशीवर बसून भोकाड पसरलं. "नीट जा गो आजी," म्हटलं.